वटवट्याचं पान

सप्टेंबर सरत आला की पुण्याच्या टेकड्यांवर, सोसायट्यांतल्या कडुनिंबात, रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांतसुद्धा एक पाहुणा येऊन उतरतो. चिमणीपेक्षा लहान, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. वरून मळकट हिरवा, खालून पांढुरका, डोळ्यावर फिकट भुवई. हिमालयातून आणि त्याही पलीकडच्या थंड मुलखातून तो येतो, एप्रिलपर्यंत राहतो आणि हिवाळाभर पानापानांतले किडे टिपत 'चिस्वी, चिस्वी' करत असतो. आपल्या डोक्यावर सहा-सात महिने राहणारा हा पक्षी बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो. त्याचं नाव हिरवट पर्ण वटवट्या. पक्षी ओळखण्याचं नवं पुस्तक हातात आलं की मी मोर, खंड्या, रोहित यांच्याकडे वळत नाही. आधी वटवट्यांचं पान उघडते.

दुर्बीण नवी घेतलेल्या प्रत्येकाला 'पुस्तक कोणतं घेऊ?' हा प्रश्न पडतो, आणि त्याला एका नावाचं उत्तर देऊन मोकळं होता येत नाही. दुकानात सगळीच पुस्तकं सुंदर दिसतात. मुखपृष्ठावर हमखास एखादा नीलपंख किंवा स्वर्गीय नर्तक असतो, आतली पानं गुळगुळीत असतात. पण खंड्या ओळखायला पुस्तक लागत नाही. एकदा कुणी सांगितला की तो आयुष्यभर विसरत नाही. पुस्तक लागतं ते सारख्या दिसणाऱ्या दोघांपुढे आपण उभे राहतो तेव्हा. समोरच्या झाडात काहीतरी हिरवट हललं, दोन सेकंद दिसलं, पानाआड गेलं. आता काय पाहायला हवं होतं, हे जे पुस्तक सांगतं ते कामाचं.

वटवट्यांच्या पानावर ही परीक्षा लगेच होते. हिरवट पर्ण वटवट्याच्या पंखावर एकच बारीक फिकट पट्टी असते आणि पिसं झिजली की तीही पुसट होते. ह्यूमच्या पर्ण वटवट्याला दोन पट्ट्या असतात. गंधकी पोटाच्या वटवट्याला पट्टी नसतेच, पण भुवई झळझळीत पिवळी असते आणि तो शेंड्यावर बागडण्यापेक्षा खडकांवरून, झाडाच्या बुंध्यावरून सरपटल्यासारखा फिरतो. हे तिघं एकाच पानावर, एकाच मापात, एकाच बाजूला तोंड करून काढलेले हवेत. शेजारी दोन-तीन ओळींत पट्टी, भुवई, आवाज आणि वावरायची जागा हवी. एक इथे, दुसरा चार पानांनंतर आणि तिसरा गाळलेला असेल, तर ते पुस्तक टेबलावर ठेवायला चांगलं. रानात नेण्याचं नाही.

यातूनच फोटो की चित्र हा जुना वाद निघतो. माझं मत पक्कं आहे. पहिलं पुस्तक चित्रांचं घ्यावं. फोटोत त्या एका पक्ष्याची त्या एका क्षणाची गोष्ट असते. कोवळ्या उन्हात काढला असेल तर तपकिरी रंग सोनेरी होतो, ढगाळ दिवशी हिरवा करडा दिसतो, मान वळलेली असेल तर गळ्यावरची खूण झाकली जाते. चित्रकाराने मात्र संग्रहालयातले नमुने पाहिलेले असतात, रानातल्या नोंदी असतात, आणि त्या सगळ्यांतून त्या जातीचा जो पक्ष्यागणिक न बदलणारा भाग आहे तो तो कागदावर ठेवतो. नर, मादी, पिल्लू, विणीच्या हंगामातला आणि हंगामाबाहेरचा, असे पाच-सहा अवतार एका ओळीत दाखवणं चित्रालाच साधतं. जांभळ्या शिंजीराचा नर घ्या. उन्हाळ्यात तो काळा-जांभळा झळाळतो, आणि वीण आटोपली की पिवळट होऊन गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक गडद रेघ उरते. दोन्ही रूपं शेजारी नसतील तर माणूस त्याला दोन पक्षी समजतो. कोकिळेच्या ठिपकेदार तपकिरी मादीचंही तेच. फोटोंच्या बहुतेक पुस्तकांत देखणा नर पानभर असतो आणि मादीला कोपऱ्यात जागा मिळते, मिळाली तर. रानात मात्र माद्या नरांइतक्याच असतात.

पक्षी हातात न घेता ओळखायचा ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या पक्ष्यांवर जे काम झालं ते बंदुकीने झालं. पक्षी मारायचा, कातडं भरायचं, पंख, चोच, पायाची नळी मोजायची, चिठ्ठी बांधायची. त्या काळच्या ग्रंथांतली वर्णनं हातात धरलेल्या पक्ष्याची आहेत, झाडावर बसलेल्याची नाहीत. १९३४ मध्ये अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन नावाच्या तरुण चित्रकार-शिक्षकाने एक लहानसं पुस्तक काढलं. अनेक प्रकाशकांनी ते आधी परत पाठवलं होतं. त्यात पक्षी सपाट, साधे, दुरून दिसतात तसे काढले होते, आणि जिथे नजर टाकायची तिथे छोटी रेघ ओढून खूण केली होती. शेपटीचा पांढरा काठ, पंखावरची पट्टी, डोळ्याभोवतीचं कडं. दोन हजार प्रतींची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. आज जगात कुठेही पक्ष्यांचं पुस्तक उघडा, त्या रेघेचा वारसा दिसतो.

आपल्याकडे हे काम सालिम अलींनी केलं, आणि आपल्या पद्धतीने केलं. १९४१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने त्यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' छापलं. पहिल्या आवृत्तीत दोनशेहूनही कमी पक्षी होते. २००२च्या तेराव्या आवृत्तीपर्यंत ते पाचशेच्या वर गेले. सुरुवातीच्या आवृत्त्या कावळ्यापासून सुरू व्हायच्या, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. ज्याला सगळे ओळखतात त्याच्यापासून आरंभ. पक्ष्याचा आकार सेंटिमीटरमध्ये न सांगता चिमणीएवढा, बुलबुलएवढा, साळुंकीहून मोठा, कावळ्याहून लहान, घारीएवढा असा सांगण्याची त्यांची रीत तर अजून कुठल्या पुस्तकाने मागे टाकलेली नाही. झाडावरचा पक्षी सतरा सेंटिमीटरचा आहे की वीस, हे कोणाला कळतं? तो चिमणीहून मोठा आणि बुलबुलहून लहान आहे, हे शाळकरी पोरालाही कळतं. मग पाच पक्षी पाठ केले की मापाची पट्टी कायमची डोळ्यांत बसते. त्यांच्या मजकुरात पक्ष्याची वागणूक असायची: शेपूट कशी हलवतो, जमिनीवर चालतो की उड्या मारतो, घरटं कुठे बांधतो. माझ्या वहीतल्या नोंदींची शिस्त तिथूनच आली.

१९९८ मध्ये रिचर्ड ग्रिमेट आणि कॅरल व टिम इन्स्किप यांचं भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक आलं आणि पाठोपाठ त्याची खिशात मावणारी आवृत्ती. उपखंडातले सगळे पक्षी आणि त्यांची नाना रूपं बाळगता येतील अशा आकारात पहिल्यांदाच इतक्या जणांच्या हाती आली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पक्षीनिरीक्षकाच्या पाठपिशवीत आज जे पुस्तक निघतं ते बहुधा याच घराण्यातलं असतं. त्यानंतर २००५ मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचे दोन खंड आले. त्यात आवाजांचे आलेख आहेत, सारख्या जातींतले बारकावे आहेत. सुरुवातीला तो ग्रंथ जड जातो. चार-पाच हिवाळे काढल्यावर त्याची किंमत कळते.

रासमुसेन यांचं नाव निघालं की मला खानदेश आठवतो. पुस्तकातल्या एका चित्राला आणि नकाशावरच्या एका ठिपक्याला काय मोल असतं, हे रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या गोष्टीइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरजवळ मिळाला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर मोजके काही नमुने जमले, त्यांतले काही खानदेशात, जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने गोळा केलेले. १८८४ नंतर तो कोणालाच दिसला नाही. सालिम अली आणि अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी त्याची वाट पाहिली, शोध घेतले गेले, आणि मधल्या काळात रानपिंगळा म्हणून छापून आलेला एक फोटोही आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या साध्या ठिपकेदार पिंगळ्याचा निघाला. दोघं सारखे दिसतात, हीच अडचण. पण सारखे कुठवर? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरलेले असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. रानपिंगळ्याच्या छातीवर तपकिरी रंग दाट असतो आणि खाली पोट स्वच्छ पांढरं. शेपटीवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, चोच आणि पंजे दणकट. हे सगळं संग्रहालयाच्या खणांत शंभर वर्षं पडून होतं, फक्त रानात जाणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत नीट पोचलेलं नव्हतं.

आणि एक ठिपका खोटा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी हे गाव. या एका चिठ्ठीमुळे पक्षी १८८४ नंतरही तीस वर्षं होता असं मानलं गेलं, आणि शोधणारे मांडवीकडे वळले. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला तेव्हा तो चोरलेला निघाला. डेव्हिडसनने १८८०च्या दशकात जमवलेलं कातडं उचलून, नव्याने भरून, नवी चिठ्ठी बांधली होती. मांडवीचा ठिपका नकाशावरून पुसला गेला. उरल्या त्या जुन्या, खऱ्या जागा.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघांनी आधी पूर्वेकडच्या जागा धुंडाळल्या, तिथे काही मिळालं नाही, मग ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले. तिथे सकाळच्या उजेडात एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला होता. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. हा पिंगळा दिवसाही जागा असतो, उन्हात निष्पर्ण फांदीवर बसून बोलतो. तो लपून राहणारा पक्षी नव्हताच. जवळच्या पाड्यांतल्या लोकांना दिसतही असणार. पुस्तकांना मात्र तो पुन्हा सापडायला तीन माणसं, खणातली कातडी आणि एक उघडी पडलेली लबाडी लागली.

म्हणून पुस्तक चाळताना मी नकाशांवर वेळ घालवते. अंगठ्याएवढा नकाशा असतो, तीन-चार रंग असतात: बारमाही राहणारा, फक्त हिवाळी, फक्त उन्हाळी, वाटेवरचा प्रवासी. चित्र पाहून जो घोळ सुटत नाही तो नकाशा बऱ्याचदा एका नजरेत सोडवतो. पुण्याच्या पिंपळावर बसलेला धनेश राखीच असणार. मलबारी राखी धनेश सह्याद्रीची दाट झाडी सोडून इकडे येत नाही. सासवडच्या माळावर जानेवारीत जमिनीलगत तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी अपेक्षितच आहे. तोच जूनमध्ये दिसला तर पुन्हा दुर्बीण लावावी, कारण भोवत्ये तेव्हा उत्तरेला विणीच्या मुलखात असतात. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या ओळखणं अनुभवी माणसालाही सहज जमत नाही. चेहऱ्यामागचं फिकट कडं किती स्पष्ट आहे, इथे सगळं अडतं. नकाशाच नसलेलं पुस्तक मला अर्धं वाटतं, आणि नकाशा पुस्तकाच्या शेवटी वेगळा छापला असेल तर रानात तो नसल्यातच जमा. चित्र डावीकडे, मजकूर आणि नकाशा उजवीकडे, पान न उलटता सगळं समोर: ही मांडणी हवीच. एका हातात दुर्बीण असते, हे मांडणी करणाऱ्याने विसरता कामा नये.

वजनाचं थोडक्यात सांगते. दिवसभर खांद्यावर नेता येणार नाही असं पुस्तक घरीच राहतं. शिवण दोऱ्याची असावी. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पानं दोन पावसाळ्यांत सुटतात. एवढं पुरे.

क्रमाबद्दल मात्र नवशिक्यांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. पुस्तकं शास्त्रीय कुळांच्या क्रमाने लावलेली असतात, रंगाच्या किंवा अधिवासाच्या नाही. पिवळा पक्षी पाहिला तर 'पिवळे पक्षी' असं प्रकरण सापडत नाही. तशी रंगवार पुस्तकंही निघतात आणि मुलांना ती आवडतात. तरी मी कुळांच्या क्रमाचीच बाजू घेईन. एकदा धोबी म्हणजे शेपूट हलवत पाण्याकाठी धावणारा, माशीमार म्हणजे एका फांदीवरून झेप घेऊन तिथेच परतणारा, चंडोल म्हणजे गात गात आभाळात चढणारा, अशी घराण्यांची चालढाल अंगवळणी पडली की रंग दिसण्याआधीच पुस्तकाचं पान ठरतं. या क्रमातही एक खोट आहे. पावशा आणि शिक्रा एकमेकांसारखे दिसतात, उडतातही तसेच, आणि पुस्तकात ते दूरदूर बसतात, कारण एक कोकीळकुळातला आणि दुसरा शिकारी. पावशाची चोच सडपातळ, शिक्र्याची आकड्यासारखी. ज्या पुस्तकात पावशाच्या मजकुरात 'शिक्र्याशी तुलना करा' असं एक वाक्य असतं, त्या लेखकाने रान पाहिलं आहे असं मी समजते.

मोबाइलमधल्या ॲपबद्दल न बोलून चालणार नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं मर्लिन मी वापरते आणि ते थोर काम आहे. ई-बर्डवर आपल्याकडच्या हजारो लोकांनी घातलेल्या याद्यांमुळे अमुक तलावावर अमुक महिन्यात काय दिसतं हे कळतं, आणि कुठल्याही छापील नकाशाला ते जमणार नाही. आवाज ओळखायला तर ॲपच हवं. 'चिस्वी' असं लिहून वटवट्या ऐकू येत नाही. पण ॲप एक नाव देतं आणि आपली नजर तिथेच थांबते. भृंगराज शिक्र्याची, इतर अनेकांची हुबेहूब नक्कल करतो; कर्नाळ्याच्या रानात फोनने शिक्रा म्हटलं म्हणून शिक्रा लिहिणाऱ्याने वर मान करून फांदीवरचा काळा, शेपटीला दोन लांब तारा असलेला नकलाकार पाहायला हवा होता. पुस्तकाचं पान नाव सांगत नाही. ते आठ शक्यता पुढे ठेवतं आणि निवड आपल्यावर सोडतं. त्या निवडीत जे पाहावं लागतं तेच पुढच्या वेळी आपोआप दिसतं. रात्री जेवणं झाल्यावर, उद्या भिगवणला जायचं असताना, बदकांची आणि तुतवारांची पानं चाळत बसणं हा या छंदातला माझा सर्वांत आवडता वेळ आहे, आणि तो फोनवर तसा जमत नाही.

मराठी पुस्तक घरात असायलाच हवं. मारुती चितमपल्लींनी जंगलखात्याच्या नोकरीत विदर्भातल्या रानांतून, पारध्यांकडून, गोंडांकडून पक्ष्यांची माहिती जमवली आणि 'पक्षीकोश' रचला. त्यांच्या ५ नोव्हेंबरच्या आणि सालिम अलींच्या १२ नोव्हेंबरच्या जन्मदिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात आता पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. कोश खिशात मावणारा नाही आणि पक्षी ओळखून देणं हे त्याचं काम नाही. पण माळावर धनगराला तणमोराबद्दल विचारायचं, नांदूर मध्यमेश्वरच्या कोळ्याकडून बदकं कधी उतरली ते ऐकायचं, शाळेतल्या मुलांना दयाळ आणि चीरक यांतला फरक सांगायचा, तर इंग्रजी नावं घेऊन काय करणार? पट्टकादंब म्हटलं की डोक्यावरचे पट्टे आधीच डोळ्यांपुढे येतात. माझी अडचण एवढीच आहे की मराठीत घरी वाचायला उत्तम पुस्तकं आहेत, पण सारखे पक्षी शेजारी मांडलेलं, चित्रांचं, महाराष्ट्रातल्या साडेपाचशेच्या आसपास जातींपुरतं, खिशात मावणारं पुस्तक मला अजून हवं तसं मिळालेलं नाही. असं पुस्तक कुणी करायला घेतलं तर माझ्या वह्या त्याला द्यायची माझी तयारी आहे.

तोवर, नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी दोन पुस्तकं सांगते: पिशवीत उपखंडाची चित्रांची खिसा-आवृत्ती आणि घरी सालिम अली. पहिल्यातून खुणा शिकाव्यात, दुसऱ्यातून पक्षी. पहिल्या वर्षी पुस्तकातल्या चौदाशे जातींना घाबरू नये. आपल्या जिल्ह्याच्या यादीतले पक्षी पेन्सिलीने खूण करून ठेवले की तेच पुस्तक निम्म्याहून लहान होतं. समासात तारीख, जागा, झाड लिहावं. कोरं पुस्तक जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

जुन्या बाजारात स्वस्तात जुनी आवृत्ती मिळते, आणि चित्रं काही जुनी होत नाहीत. नावं आणि नकाशे होतात. तळ्यातली जांभळी पाणकोंबडी माझ्या डोळ्यांदेखत इंग्रजीत दोनदा नाव बदलून बसली आणि आता ती वेगळी जातही ठरली आहे. रानपिंगळा शहाद्यानंतर मेळघाटात, यावलच्या रानात सापडला, आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या जंगलात दिसला, जिथे त्याची कोणी अपेक्षाच केली नव्हती. त्याआधी छापलेल्या नकाशांत ठाणे जिल्हा कोरा आहे. त्यामुळे आवृत्तीचं साल पाहून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी वटवट्यांच्या पानानंतर पिंगळ्यांचं पानही उघडा. तानसा तिथे आहे का, ते बघा.